औषधाची रांग आणि रुग्णाचा दिवस

श्रोतेहो, एखाद्या घरांतील कर्ता मुलगा व्यसनाच्या आहारीं गेला आणि पुढें उपचारास जाऊं लागला, म्हणजे त्या घरीं येणारा प्रत्येक आप्तेष्ट एकच प्रश्न विचारतो : ‘सुटलें का?’ प्रश्न आपुलकीचाच असतो. परंतु या दोन शब्दांत एक मोठें गृहीत दडलेलें आहे. व्यसन सुटलें कीं उपचार सफल, न सुटलें कीं निष्फळ. जणूं मध्यें दुसरें कांहीं नाहींच. रुग्ण सकाळीं किती वाजतां उठतो, औषधासाठीं किती दूर जातो, त्याची नोकरी टिकली आहे कीं नाहीं, रात्रीं त्यास झोंप येते कीं नाहीं, औषध देणारा मनुष्य त्याच्याशीं कसा बोलतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मला आज सांगावयाचें आहे तें असें, कीं हे न विचारले जाणारे प्रश्न म्हणजे उपचाराची केवळ शोभा नव्हे. रुग्ण उपचारांत टिकतो कीं नाहीं, आणि पुष्कळदां तो जगतो कीं नाहीं, हें त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घेऊं. रुग्णालयांत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांत रुग्णाचा सारा दिवस रुग्णालयाच्या स्वाधीन असतो. उठणें, जेवणें, झोंपणें, सर्व ठरलेलें. बाह्यरुग्ण उपचारांत तसें नसतें. रुग्ण घरीं राहतो, ठराविक वेळीं दवाखान्यांत येतो, औषध व सल्ला घेतो आणि पुन्हां आपल्या जगांत परत जातो. त्याच गल्लींत, त्याच मित्रमंडळींत, त्याच विवंचनांत. दिवसाच्या चोवीस तासांपैकीं दवाखान्याच्या वांट्यास फार तर एक तास येतो. उरलेले तेवीस तास रुग्णानें स्वतःच निभवावयाचे असतात. म्हणून अशा दवाखान्याचें यश त्या तेवीस तासांतच शोधावें लागतें.

याचें एक बोलकें उदाहरण न्यूयॉर्क शहरांत घडलें. तेथील रॉकफेलर संस्थेंतील डॉ. व्हिन्सेंट डोल हे शरीरांतील चयापचयाचे अभ्यासक होते. मेरी नाइस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ बाईंनीं व्यसनी मनुष्याकडे रुग्ण म्हणून पाहावें असें प्रतिपादन करणारा एक ग्रंथ १९५६ सालीं लिहिला होता. या दोघांनीं मिळून १९६४ सालीं हेरॉईनचें जुनें व्यसन जडलेल्या कांहीं मनुष्यांवर उपचार आरंभिले. हेरॉईन हें अफूपासून निघालेलें द्रव्य. त्याचा अंमल कांहीं तासांत ओसरतो, आणि ओसरला कीं अंग मोडून येतें, घाम सुटतो, उलट्या व जुलाब होतात, झोंप नाहींशी होते. या यातना टाळण्यासाठीं मनुष्य पुन्हां तेंच द्रव्य शोधीत हिंडतो. त्याचा दिवस मिळविणें, टोचणें आणि पुन्हां मिळविणें या चक्रांत संपतो.

डोल व नाइस्वांडर यांनीं प्रथम रुग्णांस मॉर्फिन देऊन पाहिलें. परंतु मात्रा वाढत गेली, दिवसांतून अनेकदां टोचावें लागे, आणि रुग्ण एका टोचणीनंतर दुसरीची वाट पाहत दूरचित्रवाणीसमोर निश्चेष्ट बसून राहत. मग त्यांनीं मेथाडोन हें औषध योजिलें. हेंही अफूच्याच वर्गांतील आहे, परंतु कृत्रिम रीतीनें तयार केलेलें. तें तोंडानें घेतां येतें, आणि योग्य मात्रा बसली म्हणजे त्याचा प्रभाव दिवसभर संथपणें टिकतो. यातना होत नाहींत, हेरॉईनची ओढ मावळते, आणि मात्रा स्थिरावलेल्या रुग्णास नशाही चढत नाहीं. थोड्याच दिवसांत त्या रुग्णांच्या वागण्यांत पालट दिसूं लागला. एक जण मन लावून चित्रें काढूं लागला. दुसरा, आपलें अर्धवट राहिलेलें शालेय शिक्षण पुरें करावयाचें म्हणून वैद्यांच्या मागें लागला. श्रोतेहो, औषध लागू पडल्याची ही खूण लघवीच्या तपासणींत दिसलेली नव्हती. ती रुग्णाच्या दिवसांत दिसली होती. १९६५ सालीं या दोघांनीं आपल्या पहिल्या २२ रुग्णांची हकीकत अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्यांत रुग्ण सुमारें सहा आठवडे रुग्णालयांत राहून पुढें घरीं जात आणि रोज औषधापुरते दवाखान्यांत येत.

येथें कोणी म्हणेल, ‘एक व्यसन घालवून दुसरें दिलें, यांत काय साधलें?’ हा आक्षेप तेव्हांपासून घेतला जात आहे आणि त्याचें उत्तर देणें अवश्य आहे. मधुमेही मनुष्य रोज इन्शुलिन घेतो. त्यावांचून त्याचें चालत नाहीं. तरी त्यास आपण इन्शुलिनचा व्यसनी म्हणत नाहीं. एखाद्या औषधाची शरीरास गरज लागणें निराळें, आणि त्या द्रव्यापायीं संसार, धंदा, अब्रू व जीव पणास लावणें निराळें. व्यसन म्हणजे ही दुसरी अवस्था. या दोहोंतील अंतर प्रयोगशाळेंतील नळींत दिसत नाहीं. तें मनुष्याच्या जीवनाकडे पाहूनच कळतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं मेथाडोन आणि त्याच कामीं येणारें ब्युप्रेनॉर्फिन या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला.

परंतु या उपचाराची पुढील कहाणी सरळ नाहीं. औषध अफूच्या वर्गांतील असल्यामुळें सरकारास त्याची धास्ती वाटणें स्वाभाविक होतें. घरीं नेलेली बाटली चोरट्या बाजारांत जाऊं शकते. संवय नसलेल्या मनुष्यास, विशेषतः लहान मुलास, त्याचा थोडासा घोटही प्राणघातक ठरूं शकतो. ही भीति खोटी नाहीं. म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारनें १९७२ सालीं कडक नियम केले, आणि रुग्णानें बहुधा रोज दवाखान्यांत येऊन परिचारिकेच्या देखत औषध प्यावें असा परिपाठ पडला. २००१ सालच्या सुधारलेल्या नियमांतही, दवाखाना बंद असण्याच्या दिवसाची मात्रा सोडली, तर पहिले ९० दिवस आठवड्यास एकच मात्रा घरीं नेण्यास मिळे. म्हणजे आठवड्यांतून पांच किंवा सहा फेऱ्या झाल्या. महिन्याभराचें औषध एकदम मिळावयास दोन वर्षें नियमानें उपचार घ्यावा लागे.

आतां या नियमांत सांपडलेल्या एका मनुष्याची कल्पना करा. तो शहराच्या एका टोंकास राहतो. दवाखाना दुसऱ्या टोंकास आहे. गोदामांतील त्याची पाळी सकाळीं सातला सुरू होते. दवाखाना सहाला उघडतो. पण रांग त्याआधींच लागलेली असते. एके दिवशीं गाडी चुकते, दुसऱ्या दिवशीं रांग लांबते, तिसऱ्या दिवशीं मुलास ताप येतो. मालकास कारण सांगावें तर व्यसनाचा इतिहास उघड करावा लागतो. न सांगावें तर नोकरी जाते. परगांवीं आईच्या आजारपणास जावयाचें, तरी आधीं दवाखान्याची परवानगी हवी. ज्या उपचारानें त्यास कामावर परत आणावयाचें, तोच उपचार त्याच्या कामाच्या आड येतो. रोगापेक्षां इलाज भयंकर असें आपण म्हणतों, तें येथें औषधाला लागू नाहीं. औषध देण्याच्या रीतीला लागू आहे. त्या देशांतील रुग्णांनीं या व्यवस्थेस ‘द्रवरूप बेड्या’ असें नांव ठेविलें आहे. खुद्द डोल व नाइस्वांडर यांनींही १९७६ सालीं आपल्या दहा वर्षांच्या कार्याचा आढावा घेतांना, उपचाराचा ताबा वैद्य व रुग्ण यांच्याकडून निसटून नियमांकडे गेला, अशा अर्थाची खंत व्यक्त केली होती.

मग अशा रुग्णास त्याचें मत विचारावें तरी कसें? वैद्यकानें यासाठीं दोन निरनिराळीं मापें तयार केलीं आहेत, आणि त्यांची गल्लत होतां कामा नये. पहिलें माप समाधानाचें. १९७९ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेली आठ प्रश्नांची एक लहानशी प्रश्नावली पुष्कळ ठिकाणीं वापरली जाते. सेवा कशी वाटली, हवी ती मदत मिळाली का, अशीच गरज असलेल्या मित्रास तुम्ही येथें पाठवाल का, स्वतः पुन्हां याल का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तरास एक ते चार गुण. सर्वांत कमी बेरीज ८ आणि सर्वांत अधिक ३२.

ही युक्ति सोपी आहे, पण तींत तीन खांचखळगे आहेत. जेवून उठलेल्या पाहुण्यास यजमानीण बाईंनीं ‘स्वयंपाक कसा झाला?’ असें विचारलें, तर तो आमटी खारट होती असें सांगेल काय? रुग्णाचेंही तसेंच होतें. पूर्वीं ज्याला सर्वांनीं हिडीसफिडीस केलें, त्यास कोणी नुसतें बसावयास सांगितलें तरी कृतज्ञता वाटते. हा पहिला खळगा. दुसरा भीतीचा. ज्याच्या हातीं उद्यांची मात्रा आहे, त्याच्याच दारांत त्याच्याविषयीं वाईट लिहावयास धैर्य लागतें. तिसरा खळगा सर्वांत फसवा. प्रश्नपत्रिका मिळते ती रांगेंत उभ्या असलेल्यास. जो कंटाळून किंवा अपमान होऊन रांग सोडून गेला, त्याचें मत बहुधा कोणी विचारीतच नाहीं. त्यामुळें समाधानाचे आंकडे बहुतेक ठिकाणीं चांगलेच येतात, आणि दवाखाना स्वतःवर खूष होऊन बसतो.

दुसरें माप जीवनाच्या दर्जाचें. जागतिक आरोग्य संघटनेनें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तें तयार केलें. विशेष हें कीं तें एकाच देशांत बसून रचलेलें नाहीं. जगांतील १५ केंद्रांत एकाच वेळीं त्याचें काम चाललें, आणि त्यांत आपल्याकडील नवी दिल्ली व मद्रास हीं दोन केंद्रें होतीं. त्याच्या संक्षिप्त आवृत्तींत २६ प्रश्न आहेत. दोन सर्वसाधारण, बाकीचे चार विभागांत वांटलेले. शरीराच्या विभागांत दुखणें, झोंप, कामाची शक्ति. मनाच्या विभागांत एकाग्रता, उदासीनता, स्वतःविषयींचें मत. संबंधांच्या विभागांत आप्तमित्रांचा आधार. आणि परिस्थितीच्या विभागांत घर, पैसा, सुरक्षितता, इतकेंच नव्हे तर प्रवासाची सोय सुद्धां. मागील दोन आठवडे मनांत धरून रुग्णानें उत्तर द्यावयाचें असतें. येथें भर दवाखान्याच्या वागणुकीवर नसतो. विचारणा होते ती मुख्यतः जगण्याची.

हीं दोन मापें शेजारीं ठेवलीं म्हणजे एक विसंगति डोळ्यांत भरते. मनुष्य दवाखान्यावर पूर्ण संतुष्ट असूं शकतो आणि तरीही त्याचें जीवन ओसाड असूं शकतें. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत जीवनाचा दर्जा बहुधा झपाट्यानें सुधारतो, कारण यातना थांबतात, झोंप लागते, पोलिसांची भीति कमी होते. पुढें ही सुधारणा मंदावते. औषध यातना थांबवूं शकतें; पण तें भाड्याची खोली मिळवून देत नाहीं, तुटलेला भाऊ परत आणीत नाहीं, आणि सकाळीं सातची पाळीही सांभाळीत नाहीं. जो दवाखाना केवळ समाधान मोजतो, त्यास हें कळत नाहीं. उलट जो केवळ जीवनाचा दर्जा मोजतो, त्यास आपल्या खिडकीवरील कारकुनाचें उर्मट बोलणें कळत नाहीं. दोन्ही मापें हवींत, आणि त्यांपुढें आणखी एक प्रश्न हवा : जे गेले ते कां गेले?

हा प्रश्न जिवाचा आहे असें मीं आरंभीं म्हटलें, त्याचा आधार सांगतों. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें, कीं मेथाडोनचा उपचार चालू असतांना हजार माणसांमागें वर्षास सुमारें ११ मृत्यु होतात. उपचार सुटल्यावरच्या काळांत तोच आंकडा ३६ वर जातो. म्हणजे तिपटीहून अधिक. या दोन आंकड्यांमधील अंतर पाहिल्यावर रांगेची लांबी, खिडकीवरचें बोलणें, अपुरी मात्रा या क्षुल्लक तक्रारी राहत नाहींत. मात्रेविषयीं तर जागतिक आरोग्य संघटनेचें मार्गदर्शन स्पष्ट आहे. मेथाडोनची मात्रा सामान्यतः दिवसास ६० ते १२० मिलिग्रॅम असावी असें तिनें २००९ सालीं सांगितलें. तरीही ‘जितकें कमी तितकें चांगलें’ या समजुतीनें हात आंखडला जातो. मात्रा पुरत नाहीं असें सांगणाऱ्या रुग्णास लबाड ठरविलें, तर तो उरलेली गरज बाजारांत भागवितो.

रोजच्या रांगेवांचून चालेल काय, या प्रश्नाचें उत्तर एका आपत्तीनें दिलें. मार्च २०२० मध्यें कोरोनाची साथ पसरतांच दाटीनें रांग लावणें अशक्य झालें. तेव्हां अमेरिकेनें स्थिरावलेल्या रुग्णांस २८ दिवसांपर्यंतची, व इतरांस १४ दिवसांपर्यंतची मात्रा घरीं नेण्याची मुभा दिली. अनेकांस मोठ्या अनर्थाची धास्ती वाटली. परंतु पुढें हिशेब घेतां असें दिसलें, कीं त्या देशांत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं मेथाडोनचा संबंध असलेल्यांचें प्रमाण २०१९ सालीं शेंकडा ४·५ होतें, तें २०२१ सालीं ३·२ वर आलें. २०२४ च्या नियमांनीं ही सवलत कायम केली. त्यांप्रमाणें वैद्यास रुग्ण योग्य वाटल्यास पहिल्या महिन्यानंतरच २८ दिवसांचें औषध देतां येतें. म्हणजे वर्षास सुमारें तेरा फेऱ्या. बाटली कुलपांत ठेवण्याची, मुलांपासून दूर ठेवण्याची सक्त सूचना अर्थातच सुटलेली नाहीं, आणि सुटूंही नये. भीति खरी होती; पण तिच्यावर रोजची रांग हाच एक उपाय होता, ही समजूत खरी नव्हती.

हें सारें परदेशचें आहे, आपणांस काय त्याचें, असें मात्र कोणी म्हणूं नये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या योजनेखालीं, सुईनें मादक द्रव्यें टोचून घेणाऱ्यांस ब्युप्रेनॉर्फिन देणारीं केंद्रें मुंबईसह देशाच्या अनेक भागांत निघालीं. ही गोळी जिभेखालीं ठेवावयाची असते. २०१७ सालीं पंजाबांत याच औषधाचे सरकारी बाह्यरुग्ण दवाखाने सुरू झाले. तेथेंही आरंभीं रोज येऊन देखरेखीखालीं गोळी घेण्याचा नियम होता, आणि तेथेंही २०२० च्या टाळेबंदींत दोन आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या घरीं देणें भाग पडलें. शेतमजुरास सुगीच्या दिवसांत किंवा मालमोटारीच्या चालकास दूरच्या फेरीवर असतांना रोज दवाखाना गांठणें किती कठीण, हें सांगावयास नको.

आपल्या देशांत व्यसनाचा मोठा भार दारूचा आहे. २०१८ सालीं झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें, कीं दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकीं अवघ्या एकास कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. या आंकड्याचा अर्थ केवळ दवाखाने थोडे एवढाच नाहीं. जो दवाखान्यापर्यंत येतो तो किती लाज, किती भीति ओलांडून येतो, हेंही त्यांत दिसतें. अडतिसांतला तो एक मनुष्य पहिल्याच दिवशीं खिडकीवर अपमान होऊन परतला, तर त्याला पाहून उरलेल्या सदतिसांपैकीं कोण येईल?

म्हणून, श्रोतेहो, आपण वैद्य नसलों तरी या कामांत आपला वांटा आहे. घरांतील रुग्णास ‘सुटलें का?’ एवढेंच विचारूं नका. त्या प्रश्नास तो बहुधा ‘हो’ म्हणेल, कारण दुसरें उत्तर आपण ऐकून घेणार नाहीं हें त्यास ठाऊक असतें. त्याऐवजीं विचारा : रात्रीं झोंप लागली का? औषध संध्याकाळपर्यंत पुरतें का? दवाखान्यांत किती वेळ उभें राहावें लागलें? तेथें तुझ्याशीं नीट बोलतात ना? कामावर जातां आलें का? आणि या उत्तरांत कांहीं सलणारें आढळलें, तर रुग्णासमवेत जाऊन तें शांतपणें डॉक्टरांच्या कानीं घाला. एकट्या रुग्णाचें बोलणें जेथें कोणी ऐकत नाहीं, तेथें घरच्या माणसाचें ऐकलें जाण्याचा संभव अधिक असतो.

न्यूयॉर्कच्या त्या रुग्णानें शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हां डोल व नाइस्वांडर यांनीं त्याची लघवी तपासून उत्तर दिलें नाहीं. त्याच्या मागण्यांतच त्यांनीं उपचाराचें यश ओळखलें. आपल्या घरांतील मनुष्यही एखाद्या सकाळीं सहज म्हणून जातो, ‘आज बाजारांत जाऊन भाजी मी आणतों.’ त्या वाक्याकडे दुर्लक्ष होऊं देऊं नका. त्याच्या हातीं पिशवी द्या, आणि किती वाजतां परत येशील असें विचारूं नका.